डायरेक्ट करून देतो!

गिझर दुरुस्त करायला आलेला माणूस दोन वाक्यं हमखास बोलतो. पहिलं, "थर्मोस्टॅट गेलाय." दुसरं, "डायरेक्ट करून देऊ का?" पहिलं वाक्य बऱ्याचदा चुकीचं असतं. दुसरं कायमच चुकीचं असतं, आणि तरीही आपण मान डोलावतो, कारण पाच मिनिटांत काम होतं आणि पार्टचे दोन-तीनशे रुपये वाचतात.

मंडळी, मोबाईल घेताना आपण दोनशे रिव्ह्यू वाचतो. बाथरूममध्ये डोक्यावर लटकणारी, पाणी आणि वीज एकाच डब्यात कोंबलेली वस्तू मात्र कुणीतरी वायरचा तुकडा लावून 'चालू' करून दिली की आपण खूश. माझं भांडण या खुशीशी आहे.

आधी थोडं इंजिनिअरिंग. साध्या रॉड टाइप थर्मोस्टॅटमध्ये पितळेची नळी असते आणि तिच्या आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची काडी. तापल्यावर पितळ बऱ्यापैकी लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबतच नाही. या फरकाने वरचा स्विच टक् करून उघडतो. ना चिप, ना सॉफ्टवेअर, ना अपडेट. (आमच्या क्षेत्रात असं काही बनत नाही याचं वाईट वाटतं.) त्याच्या जोडीला असतो कटआऊट. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी तापतच राहिलं, तर हा वीज तोडतो, आणि हाताने रीसेट केल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. हाताने का? तर कुणीतरी येऊन कारण बघावं म्हणून. तिसरा पहारेकरी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा.

आता 'डायरेक्ट' म्हणजे काय होतं ते बघा. थर्मोस्टॅट काढून दोन वायरी जोडल्या. पाणी तापत जातं, थांबवणारं कुणी नाही, म्हणून कटआऊट पडतो. दोन दिवसांनी पुन्हा पडतो. मग पुन्हा फोन, आणि आता तोही डायरेक्ट. एक बायपास दुसऱ्याला जन्म देतो. कोडमध्ये एरर येतेय म्हणून एरर दाखवणारी ओळच कॉमेंट करून टाकणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. फरक इतकाच की त्यांच्या बगमुळे सर्व्हर बसतो. इथे टाकी बंद आहे, आणि दाबाखाली शंभरच्या वर गेलेल्या पाण्याला वाट मिळाली की त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं. बाकी कल्पना करा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या हिवाळ्यात इंदापूरला मावशीकडे गिझरचं झाकण उघडलं तर दोन्ही डायरेक्ट होते आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी क्षाराचा पांढरा गठ्ठा. म्हणजे तिन्ही पहारेकरी बाद. राहिली फक्त मावशीची आठवण, बटण बंद करायची. ती म्हणाली, "अरे, उलट आता कसं कडकडीत तापतंय!" मावशी एकटी राहते. तिची मुलं पुण्यात आणि बंगळुरात. आपल्यापैकी किती जणांच्या घरी हेच चित्र आहे? आपण हिंजवडीत बसून आई-वडिलांना गिझर ऑनलाइन पाठवतो आणि त्याची दुरुस्ती ज्याला कुणाला वेळ असेल त्याच्यावर सोडतो.

आता पाण्याबद्दल. आमच्या भागात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि कुणी बोलत नाही ती हीच. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. त्याच्या पाण्यावर ऊस आला, कारखाने आले, आणि जिथे पाणी जास्त झालं आणि निचरा नाही तिथे जमिनी खारवट, चोपण झाल्या. बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड. बारामतीजवळ माळेगावला २००९ मध्ये केंद्राची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, ती पिकांवरच्या दुष्काळ-क्षारासारख्या ताणांसाठी. गिझरच्या कॉइलवरच्या ताणाचा अभ्यास आपल्यालाच करावा लागणार :-)

तर हे जड पाणी तापलं की क्षार कॉइलवर बसतो, आणि साठच्या वर तापमान गेलं की आणखी वेगाने. क्षार उष्णता नीट जाऊ देत नाही. मग कॉइल तापते, पाणी कोमट राहतं, आणि कॉइलला लागून असलेल्या नळीतला बिचारा थर्मोस्टॅट खरंच गरम झालाय म्हणून वीज तोडतो. तो आपलं काम चोख करतोय, आणि आपण म्हणतो "थर्मोस्टॅट गेला". नवा बसवला तरी पंधरा दिवसांत तेच. तेव्हा पहिला प्रश्न 'कुठला थर्मोस्टॅट घेऊ' हा नाहीच. कॉइल बाहेर काढून बघितली का, हा आहे. ती पांढरी खडूसारखी दिसत असेल तर आधी ती आणि टाकी साफ करा आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड उरलाय का ते बघा.

साफसफाई झाल्यावरही थर्मोस्टॅट बदलावाच लागला, तर दुकानात जाऊन "पंधरा लिटरच्या गिझरचा द्या" म्हणू नका. दुकानदार हाताला येईल तो देईल आणि वर "सेम टू सेम आहे" म्हणेल. सेम टू सेम म्हणजे काय सेम? जुना पार्ट सोबत न्या. रॉडचा आहे, की बल्ब आणि बारीक नळीवाला कॅपिलरी आहे, की टाकीला चिकटणारं बटण आहे? रॉड असेल तर लांबी तीच हवी. आखूड रॉड भलत्या ठिकाणचं तापमान मोजतो आणि लांब रॉड बसतच नाही, मग त्याला ठोकून बसवतात. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेतो, त्यामुळे १६ अँपिअरचा छाप हवा. कटआऊट त्याच्यातच आहे की वेगळा, हेही विचारा. आणि आयएसआय मार्क बघा. नाव नसलेला पार्ट फुकट मिळाला तरी नको.

सेटिंगचं गणित सोपं आहे. १५ लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट आणि एकवीस मिनिटं लागतात, ऐंशीवर न्यायला एक युनिटच्या वर. तुम्ही म्हणाल, ऐंशीचं पाणी गार पाण्यात मिसळूनच वापरतो, वाया कुठे जातं? बरोबर. पण टाकीत उरतं ते जातं, क्षार जास्त बसतो तो वेगळाच, आणि साठ अंशांचं पाणीसुद्धा मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत भाजतं. लहान मूल किंवा म्हाताऱ्या माणसाला तर तेवढा वेळही लागत नाही. मी स्वतः ५५ ते ६० च्या मध्ये ठेवतो. त्याच्या खूप खाली ठेवून दिवसभर चालू सोडणं हाही शहाणपणा नाही, कोमट साठ्यात जंतू वाढतात.

"माझ्याकडे फाइव्ह स्टार आहे" म्हणणाऱ्यांसाठी: ते स्टार टाकीतून चोवीस तासांत किती उष्णता गळते यावर मिळतात. थर्मोस्टॅट कसा आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. आणि "मी वायफाय स्विच लावलाय" म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की त्या स्विचला पाणी किती तापलंय हे माहीतच नसतं. तो फक्त बटण दाबणारा लांबचा हात आहे.

सगळा दोष इलेक्ट्रिशियनच्या माथी मारणं मला पटत नाही. कॉइल काढून साफ करायला दोन तास जातात, आणि आपण त्या दोन तासांचे पैसे द्यायला तयार नसतो. पाच मिनिटांचे मुकाट्याने देतो. मग तो पाच मिनिटांचंच काम विकणार. कंपन्या तर आणखी हुशार. पुस्तिकेत 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा' असं छापून मोकळ्या. इंदापूरच्या एखाद्या गावात तो अधिकृत माणूस कधी पोचणार? झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावायला काय जातं: प्रकार, रॉडची लांबी, कटऑफ तापमान, अँपिअर, कटआऊटचा नंबर, मराठीत. बंबाच्या काळी चिपाडं संपली की आग विझायची, तेवढी तरी सोय होती.

मावशीकडे मी दोन्ही पार्ट आणि व्हॉल्व्ह नवीन बसवून घेतले. कॉइल साफ करायला आलेल्या पोराने दोन तासांचे पाचशे मागितले, मी दिले. या रविवारी गावी जाणार असाल तर आधी एमसीबी पाडा, मग झाकण उघडा, आणि दोन टर्मिनलच्या मध्ये वायरचा तुकडा दिसतोय का बघा. दिसला तर फोटो काढून मला पाठवा. फेब्रुवारीपर्यंत किती जमतात ते बघू.