पासवर्ड बरोबर, तरी मेल का येत नाही?

जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात नवा संगणक आला. जुन्यावर थंडरबर्ड या प्रोग्राममध्ये संस्थेचे मेल येत असत. नव्यावर तोच प्रोग्राम बसवला, जीमेलचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. उत्तर आले, पासवर्ड चुकीचा. लिपिकसाहेबांनी तीनदा पासवर्ड बदलला, तरी तेच उत्तर. तुमसर, पवनी, साकोली, कुठूनही आमच्याकडे विचारणा येते ती बहुधा याच दुखण्याची.

अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नये. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नियम बदलला. बाहेरच्या प्रोग्रामला नेहमीचा पासवर्ड देऊन मेल उघडण्याची सोय बंद झाली. पासवर्ड अगदी खरा असला तरी दार उघडत नाही, आणि पडद्यावरची ओळ मात्र दोष पासवर्डालाच देते. हॉटमेल, आऊटलूकच्या वैयक्तिक खात्यांनाही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये असाच नियम लावला.

उपाय सोपा आहे. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' असे लिहिलेले दिसेल. तिथे 'ओऑथ २' निवडा. मग गूगलची स्वतःची खिडकी उघडते आणि पासवर्ड तिथे द्यायचा असतो. ती खिडकी कोरीच राहिली तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा. प्रोग्राम फार जुना असेल आणि त्यात ही सोयच नसेल, तर गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. पुढे मुख्य पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्ड रद्द होतो, म्हणूनही सारखे बदलू नये.

येणारे मेल येतात, पण जाणारे अडकतात, अशीही तक्रार असते. येणे आणि जाणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. जीमेलला येणाऱ्या आयमॅप वाटेचा पोर्ट ९९३, जाणाऱ्याचा ४६५ किंवा ५८७. जुन्या सेटिंगमध्ये २५ दिसला तर तो बदला. पुष्कळ इंटरनेट कंपन्या तो अडवतात. आम्ही इथे अंक मराठीत छापतो, पण पडद्यावर ते इंग्रजीच टाकावेत.

आता दोन गोष्टी आपल्या घरच्या. शेख, सय्यद, मोहम्मद ही नावे इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. आधारवर एक, मार्कशीटवर दुसरी, मेलच्या पत्त्यात तिसरी. पत्ता आठवून टाइप करू नका. मोबाइलमधल्या जीमेलवरून उतरवून घ्या. दुसरे असे, की संगणक जुना झाला की आतला नाण्याएवढा सेल संपतो, लाइट गेली की तारीख मागे सरकते, आणि मग सुरक्षित जोडणीच होत नाही. सेटिंगला हात लावण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. कितीदा तरी रोग तिथेच निघतो.

पण आमची खरी काळजी जुन्या संगणकाची आहे. त्यावर खाते 'पॉप' पद्धतीने जोडलेले असेल, तर मेल सर्व्हरवरून उतरवून तिथून पुसून टाकण्याची सेटिंग असू शकते. म्हणजे मान्यतेची पत्रे, मुलांचे प्रवेश, अनुदानाचा पत्रव्यवहार, सगळे फक्त त्या धूळ खाणाऱ्या डब्यात. खाते नव्या संगणकावर नीट सुरू झाले आणि आतले जुने काहीच दिसले नाही, की लोक घाबरतात. तोवर डबा भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलेला असतो. त्याआधी मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये खाते उघडून पाहा, पाच वर्षांपूर्वीची पत्रे दिसतात का. दिसत नसतील तर जुन्या संगणकावरच्या थंडरबर्डमध्ये 'हेल्प' खालच्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये जा, तिथून 'प्रोफाइल फोल्डर' उघडा, प्रोग्राम बंद करा आणि तो फोल्डर पूर्ण पेनड्राइव्हवर घ्या. तिथेच आयमॅपने खाते जोडून जुनी पत्रे ओढून त्यात टाकली तर ती सर्व्हरवरही चढतात. पत्रे हजारोंनी असली तर रात्रभर चालेल, चालू द्या. जीमेलमध्ये फुकट जागा १५ जीबी आहे, तीही आधी बघून घ्या.

आणि खात्याला मोबाइल नंबर कोणाचा आहे? संस्था असो, मशिदीची कमिटी असो, खाते बहुधा त्या काळच्या सचिवांनी स्वतःच्या नंबरावर काढलेले असते. ते आता मुलाकडे नागपूरला राहतात, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा ओटीपी त्यांच्या खिशात वाजतो. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, हे आपण घरात रोज बजावतो. तेव्हा एखाद्या रविवारी दोघांनी त्यांच्याकडे जावे, समोर बसून खात्यात कमिटीचा नंबर नोंदवावा, नवा नंबर चालतो का ते तिथेच तपासावे, आणि मगच जुना काढावा.