गोळ्यांचा डबा कोणाच्या हातात?

मी साखरखेर्ड्याचा. आमच्याकडे कीटकनाशकाचे दुकान टाकायचे तर कृषी किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण दाखवावे लागते, नाहीतर निदान सरकारमान्य अभ्यासक्रम तरी. चिठ्ठीवरचे औषध मेडिकलमध्ये नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते. कायदा १९४८ चा आहे. आशाताईच्या पिशवीत पॅरासिटामॉल येते तेही प्रशिक्षणानंतर. आणि वृद्धाश्रमात ८० वर्षांच्या आजीच्या तळहातावर सहा गोळ्या ठेवणाऱ्या माणसाला काय येते, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी एका वृद्धाश्रमात विचारले. व्यवस्थापकाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. भाकरी थापणाऱ्या मावशीच गोळ्या देत होत्या. बाई प्रेमळ, कष्टाळू. ‘गुलाबी सकाळी, पांढरी रात्री’ असे त्यांनी पाठ केलेले. मेडिकलवाल्याने कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोष त्यांचा नाही. महिन्याला पैसे घेऊन त्यांच्या हाती तो डबा देणाऱ्यांचा आहे.

गोळी देणे म्हणजे पाण्याचा पेला पुढे करणे नव्हे. एकादशीला आजीचा उपास असतो, तरी ग्लिमेपिराइड नेहमीप्रमाणे पोटात जाते. रक्तातली साखर उतरते, घाम फुटतो, ग्लानी येते. बघणारा म्हणतो, आजी झोपल्या. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून रोज दिली तर माणूस दगावू शकतो. गिळवत नाही म्हणून मोठी गोळी खलबत्त्यात कुटतात. ती हळूहळू विरघळणारी असेल तर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. इन्सुलिनच्या कुपीवर ४० युनिटची की १०० युनिटची हे न वाचता हाताला येईल ती सिरिंज घेतली, १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली, तर अडीचपट इन्सुलिन जाते. ही कठीण विद्या नाही. शिकवली तर सातवी शिकलेल्या मावशीही शिकतील.

ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५५ केअर होममधले २५६ वृद्ध तपासले. त्यांतल्या १७८ जणांच्या औषधांत निदान एक तरी चूक निघाली. तिथे तपासणारी यंत्रणा होती, म्हणून चूक कागदावर आली. आपल्याकडे ‘वय झालं होतं’ एवढे म्हणून तिरडी बांधतात.

सरकारने काय केले? २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधारांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची भाषा करतो. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने एका दमात उरकली आहेत, आणि निकष ठरवणे राज्यावर सोडले आहे. गोळ्या देणाऱ्याच्या शिक्षणाबद्दल कायद्यात एक ओळ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले. त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी होती, किमान निकष होते. २०२४ मध्ये ती लोकसभा संपली, विधेयकही तिच्याबरोबर गेले. आमच्या या जिजाऊंच्या तालुक्यात दर १२ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, मंचावरून आईची थोरवी सांगणाऱ्या नेत्यांपैकी कोणी त्यासाठी आवाज उठवलेला मी ऐकला नाही.

संस्थाचालक म्हणतात, आम्ही सेवा करतो, अटी घातल्या तर बंद करावे लागेल. हा युक्तिवाद मला संतापजनक वाटतो. सेवेच्या नावाखाली म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळायची मुभा कोणालाच नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट असतो, परिचारिका असतात. त्यांनी चार दिवस शिकवावे, परीक्षा घ्यावी, दरवर्षी उजळणी करावी. प्रत्येक वृद्धाचा औषधतक्ता असावा आणि गोळी देणाऱ्याने तिथल्या तिथे सही करावी. राज्याला नियम करायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या गावच्या पोरांनो, आईला कुठे ठेवण्याआधी बाग आणि देवघर नंतर बघा. गोळ्या कोण देते, ते कुठे शिकले, रात्री कोण असते, हे विचारा. औषधतक्ता मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर आईला तिथे ठेवू नका.