वहिनी माझी 'केस' नाहीत

मागच्या बैठकीत मी वहिनींवर लिहायचं म्हटलं तेव्हा गटातल्या एका मैत्रिणीने सरळ विचारलं, "त्या पक्षाच्या बाईचं म्हणणं आपल्या अंकात कशासाठी? त्यांना बोलायला जागा कमी आहेत का?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या पक्षाला जागा कमी नाहीत. वहिनींना मात्र आहेत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून हे लिहिते आहे.

पक्षाचं नाव मुद्दामच देत नाही. राष्ट्र, धर्म आणि संस्कृती या तीन शब्दांवर उभे असलेले पक्ष आपल्या राज्यात एकाहून जास्त आहेत (आणि नावातच 'राष्ट्रवादी' असलेले पुन्हा वेगळेच!). वहिनींची तक्रार त्यांतल्या कुठल्याही कार्यालयाच्या मागच्या खोलीत ऐकू येईल. वहिनी पन्नाशी ओलांडलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या. पक्षात सव्वीस वर्षं. महिला आघाडीत वॉर्डाच्या पदापलीकडे कधी गेल्या नाहीत. सगळी वस्ती त्यांना वहिनी म्हणते, तशी मीही म्हणते.

आमची ओळख कामातून झाली. पुण्यातल्या ज्या वस्तीत आमचं सल्ला केंद्र आहे तिथे नवऱ्याने मारलेली बाई रात्री अकरा वाजता कुणाकडे जाते? आमच्याकडे नाही. आमचं केंद्र साडेपाचला बंद होतं. ती वहिनींचं दार वाजवते. वहिनी तिला चहा देतात, आपल्या शेजारी झोपवतात, सकाळी त्या नवऱ्याला चौकात बोलावून चार शब्द सुनावतात, क्वचित दोन ठेवूनही देतात, आणि मग बाईला माझ्याकडे पाठवतात. २००५चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा, संरक्षण अधिकारी, कोर्टाच्या तारखा हे सगळं माझ्या वाट्याचं. चौकातल्या थपडांवरून आमचे खटके उडतात. मी म्हणते, त्याने घरी जाऊन तिलाच दुप्पट मारलं तर? त्या म्हणतात, "तुझी तारीख पडेपर्यंत ती जिवंत राहायला नको?" दोघींचंही म्हणणं कधी ना कधी खरं ठरलेलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी पोळ्या लाटता लाटता वहिनी पक्षाबद्दल बोलत गेल्या. त्यांना सांगूनच मी ते टिपून घेतलं.

"सतरंज्या आम्ही उचलायच्या आणि बसायचं त्यांनी," ही सुरुवात. हे गाऱ्हाणं पुरुष कार्यकर्तेही गातात. पण पुरुषाला सतरंजी उचलणं हाच अपमान वाटतो, कारण घरी त्याने ती कधी उचललेली नसते. वहिनींना सतरंजीचं काहीच नाही. त्यांचा सल निराळा आहे. २०१७च्या महापालिका निवडणुकीत त्यांच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली. नाव त्यांचंच असं सगळे धरून चालले होते. उमेदवारी मिळाली ती चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीला. त्या नवख्या बाईंना वहिनींनीच दारोदार फिरवलं. कुठल्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कुठल्या घरात काय बोलायचं नाही, हे शिकवलं. चार ओळींचं भाषण पाठ करून घेतलं. बाई निवडून आल्या. मग हळदीकुंकवाला बाई आणि गटाराच्या कामाला त्यांचे यजमान.

"मला सांग," वहिनी म्हणाल्या, "आरक्षण बायकांना दिलंय का बायकोला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महाराष्ट्राने १९९०च्या सुमारास स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा देऊ केल्या, पुढे १९९३पासून ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने देशभर एक तृतीयांश झाल्या, २०११ साली आपल्या राज्याने त्या निम्म्यावर नेल्या. या सगळ्याचं आपण स्वागत केलं आणि करायलाच हवं होतं. पण उमेदवारी कोण ठरवतं, त्या खोलीत किती बायका बसतात, हे विचारायचं आपण पक्षांतल्या बायकांवर सोपवलं आणि त्या बायकांशी आपण बोलतच नव्हतो. त्यात मार्च २०२२मध्ये पुणे-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांकडे होता. निम्म्या जागा बायकांच्या, पण सभागृहच नाही! नळाला पाणी नाही म्हणून बाई जायची ती वहिनींकडेच, आणि वहिनींनी जायचं कुणाकडे? "साहेबांच्या पीएच्या पीएकडे," त्या म्हणाल्या.

जून २०२२मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. चिन्हं कुणाची, वारसा कुणाचा, यावर निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली. वहिनींच्या पक्षालाही या उलथापालथीत काल ज्यांच्यावर आरोप केले त्यांच्या शेजारी बसावं लागलं. त्यांचं म्हणणं ऐका: "ज्यांच्याविरुद्ध मी लाठ्या खाल्ल्या त्यांना ओवाळायला ताट घेऊन मलाच उभं केलं. टीव्हीवर रोज काय, तर गद्दार कोण, बाप कुणाचा, खंजीर कुणी खुपसला. सगळं पुरुषांचं भाऊबंदकीचं भांडण. आमच्या आघाडीची एक बैठक घेऊन 'बायांनो, तुमचं मत काय' असं कुणी विचारलं नाही. बातमी मला मोबाईलवर कळली." मी मध्येच विचारलं, मग अधिकाऱ्यांच्या टेबलावर बांगड्या नेऊन ठेवायचं आंदोलन तुम्ही का करता? बांगडी म्हणजे नामर्दपणा हे तुम्हीच सांगता की. त्या हसल्या. "फोटो छापून येतो," म्हणाल्या. सगळ्याच पक्षांच्या महिला आघाड्या हा प्रकार करतात. त्यांना तो कळत नाही असं नाही, परवडतो.

चालू राजकारणावर मात्र वहिनी मला गप्प करतात. निदान करू पाहतात. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना जुलै २०२४मध्ये आली. महिना दीड हजार, वय एकवीस ते पासष्ट, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वहिनींनी दारात प्लास्टिकचं टेबल टाकून शेकडो अर्ज भरले. आपल्यातल्या काहींनी 'मतं विकत घेतली' म्हणून नाक मुरडलं. वहिनींनी विचारलं, "नवऱ्याला न विचारता खर्च करायला तिच्या नावावर कधी दीड हजार आले होते का?" नव्हते आले, हे मान्यच करावं लागतं. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत या पैशाने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच निवडणुकीत २८८ जागांवर निवडून आलेल्या बायका जेमतेम वीस-एकवीस, दहा टक्केसुद्धा नाहीत. बहीण ओवाळणीपुरती. पुढे २०२५मध्ये छाननी सुरू झाली, नावं गळू लागली, तेव्हा बायका भांडायला आल्या त्या वहिनींच्या दारात. "योजना त्यांची, शिव्या मला."

समान नागरी कायद्यावर आमचं सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं. त्या म्हणतात, "तुमचीच मागणी होती ना? आम्ही उचलली की वाईट झाली?" यात टोचणारं सत्य आहे. १९७४ सालच्या 'समानतेकडे' या अहवालाने ही शिफारस केली होती. त्याआधी, १८ एप्रिल १९६६ला, हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मोर्चा काढला होता. दलवाईंचं नाव वहिनी आवडीने घेतात. मी त्यांना सांगितलं की हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून १९५१मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं आणि त्या बिलाला कडाडून विरोध करणाऱ्यांत हिंदुत्ववादी संघटना पुढे होत्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग उत्तराखंडचा कायदा काढला. २७ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याने सरकारकडे नोंद करायची आणि दोघांतलं कुणी एकवीसच्या आतलं असेल तर आईबापांना कळवायचं. आमच्या केंद्रात बापाच्या मारापासून पळून येणारी पोरगी बहुतेक वेळा एकोणीस-वीसचीच असते. समान म्हणजे न्याय्य असं नव्हे, हे नव्वदच्या दशकात चळवळीने घासून घासून ठरवलेलं मत मी त्यांना माझ्या परीने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पोरगी पळाली तर आईला कळायला नको?" इथे त्या पक्षाच्या म्हणून बोलल्या का आई म्हणून, मला सांगता येणार नाही.

आणि मग बिल्किस बानोंचा विषय निघाला. २००२च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांबद्दल जन्मठेप भोगणारे अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ला सोडले गेले, त्यांना हार घातले गेले, पेढे वाटले गेले. खटला चालला होता आपल्या मुंबईत. शिक्षा २००८मध्ये सुनावली गेली. ८ जानेवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. मी विचारलं, वहिनी, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? लाटणं थांबलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वाईट झालं ते. हार घालायला नको होते." मग हे पक्षात बोललात? "घरातलं घरात. बाहेर कशाला बोलायचं?"

हे वाक्य मी रोज ऐकते. केंद्राच्या खुर्चीवर बसून, काळानिळा दंड पदराखाली झाकत, बायका नेमकं हेच म्हणतात. मला एकदम सगळं उलगडल्यासारखं झालं: पक्ष म्हणजे यांचं सासर, राबायचं, मान मागायचा नाही, बाहेर बोलायचं नाही, कधीतरी दिवस पालटतील म्हणून वाट बघायची. एम.एस.डब्ल्यू.ला शिकलेली सगळी भाषा तोंडाशी आली आणि मी ती वहिनींना बोलूनही दाखवली. त्या चिडल्या. पीठ लागलेले हात तसेच पुढे करून म्हणाल्या, "मी काही तुझी केस नाही. मला कुणी पळवून नेलेलं नाही. पक्ष मी निवडलाय. विचार पटला म्हणून निवडलाय. तू मला बिचारी करू नकोस."

त्या बरोबर होत्या आणि मी चूक होते. ही चूक माझ्या एकटीची नाही. या बायकांना नेत्यांनी भुलवलं आहे असं समजणं आपल्याला सोयीचं पडतं. लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली ती १९३६ साली. इतकी वर्षं पिढ्यान् पिढ्या बायका नुसत्या भुलतच आल्या का? १९९२-९३च्या मुंबईत जमावात बायकाही होत्या हे आपल्या आधीच्या मैत्रिणींनी डोळ्यांनी पाहिलं, हादरल्या, त्यावर लिहिलं. स्त्री म्हणून सगळ्या आपोआप एक होतील हे गृहीत तेव्हाच मोडलं होतं.

पण वहिनी जर केस नसतील, तर त्या जबाबदार आहेत. सव्वीस वर्षं विचार पटून काम केलं असेल तर हार घातले त्या दिवशीचं गप्प बसणं हाही त्यांचाच निर्णय. हे मी त्यांना तिथेच म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत.

याचा जमाखर्च कागदावर सोपा आहे, वस्तीत नाही. मागे एक वीस वर्षांची मुलगी केंद्रात आली. मुलगा मुसलमान. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेवढे दिवस कुठे राहायचं हा प्रश्न होता. ते दिवसही असे, की १३ डिसेंबर २०२२ला राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी समिती काढली होती आणि दोनच दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' शब्द वगळला होता. दुसरी कुठलीही मुलगी असती तर मी पहिला फोन वहिनींना केला असता. या वेळी केला नाही. तरी त्यांना कळलं. वस्तीत काय लपतं? त्यांनीच फोन केला. "मी यात नाही. तिच्या बाजूनेही नाही. पोरं निघालीत एवढंच सांगते." मुलीला आम्ही मागच्या गल्लीने रिक्षात बसवलं. पोरं आली तेव्हा केंद्राला कुलूप होतं.

तो फोन वहिनींनी का केला, हे मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांच्या पक्षात तो कळला असता तर वॉर्डाचं पदही राहिलं नसतं. आणि तरीही ती पोरं ज्या भाषणांवर वाढली त्या सभांच्या सतरंज्या वहिनींनीच घातल्या होत्या. दोन्ही गोष्टी मला एकाच बाईबद्दल माहीत आहेत.

२०२३मध्ये लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी १०६वी घटनादुरुस्ती झाली, आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेवर टांगून ठेवली गेली. १९९६मध्ये विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं तेव्हापासून आपण ही वाट पाहतो आहोत. जेव्हा केव्हा त्या जागा येतील तेव्हा त्यांतल्या कितीतरी वहिनींच्या विचाराच्या बायकांकडे जातील. किंवा, पक्षांची सवय बघता, त्यांच्या नेत्यांच्या बायकांकडे. यातलं काय आपल्याला हवं, यावर गटात अजून बोलणं झालेलं नाही.

८ मार्चच्या सभेला वहिनींना बोलवावं असं मी सुचवलं आहे. भाषणाला नव्हे, प्रश्नोत्तराला; त्यांनी आपल्याला विचारावं आणि आपण त्यांना. बिल्किसचा प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे, सगळ्यांसमोर. हे मी त्यांना आधीच सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "बघू. त्या दिवशी पोळ्यांची ऑर्डर आहे."