हळदीकुंकवाचा उंबरठा

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नाशकात सायंकाळी कोठेही फेरफटका मारावा. पंचवटीतील जुने वाडे असोत की गंगापूर रोडवरील नव्या इमारती, दृश्य एकच. दारापुढे रांगोळी, आत अंथरलेली सतरंजी, तबकात तिळगूळ आणि वाण लुटण्यास जमलेला स्त्रियांचा मेळा. दृश्य मनोहर आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. शेजारीण आजारी पडली तर तिच्या घरी डबा पोहोचविणारी आणि कोणाकडे मृत्यू घडला असता न बोलावता धावून जाणारी हीच मंडळी होत. महिला मंडळांची थट्टा करण्यात ज्यांना पुरुषार्थ वाटतो, त्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. मंडळांच्या अंगी बळ नाही अशी आमची तक्रार नसून, असलेले बळ उंबरठ्याशी अडते, अशी आहे.

कारण ज्या घरी मृत्यू घडला म्हणून पहिल्या दिवशी सर्वजणी धावल्या, त्याच घराचे दार पुढच्या संक्रांतीस चुकविले जाते. कालपर्यंत जी मंडळाची वर्गणी गोळा करीत होती, भजनात जिचा आवाज सर्वांत गोड होता, ती पती गेल्याबरोबर निमंत्रणाच्या यादीतून निघते. तिला कोणी अपशब्द बोलत नाही. केवळ बोलावीत नाही. सुशिक्षितांची निष्ठुरता ही अशीच मुकी असते.

‘ही परंपरा आहे, आम्ही काय करणार?’ असे उत्तर तत्काळ मिळते. परंपरेचाच आधार घ्यावयाचा तर तो नीट घ्यावा. 1852 सालच्या जानेवारीत सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला, तेव्हा सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू व तिळगूळ दिला होता. ही परंपरा नव्हे काय? न्यायमूर्ती रानडे 1878 साली बदलून नाशकास आले आणि रमाबाईंचा सार्वजनिक जीवनात प्रवेश झाला तो याच गावी. 1901 साली त्यांना वैधव्य आले. त्यानंतर 1904 साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि 1909 पासून पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली. त्या रमाबाई आज नाशकातील एखाद्या मंडळाच्या दारी आल्या, तर कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढून मुकाट्याने सरकेल. ज्यांच्या श्रमामुळे स्त्रियांची मंडळे जन्मास आली, त्यांनाच जेथे जागा नाही, तेथे परंपरेचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे?

कोणी म्हणतात, ‘त्या स्वतःच येत नाहीत.’ ज्या दारी आपला संकोच होणार हे ठाऊक आहे, त्या दारी कोण जाईल? प्रथम बोलवावे, सर्वांआधी कुंकू लावावे, आणि मग येतात की नाही ते पाहावे.

उंबरठ्याबाहेर दुसरीही एक उभी आहे. समारंभाची भांडी घासणारी मोलकरीण त्याच घरात असते, पण सतरंजीवर नसते. उरलेला तिळगूळ तिच्या पदरात पडतो, वाण मात्र पडत नाही. हा भेद नाशिककरांना तरी शोभत नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथील काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या पहिल्या तुकडीत 125 पुरुषांबरोबर 25 स्त्रिया होत्या. देवाचे दार उघडावे म्हणून ज्या शहरात गरीब घरच्या बायका रस्त्यावर बसल्या, त्या शहरातील भगिनींना आपल्या दिवाणखान्याचे दार उघडणे जड जावे, ही लाजेची गोष्ट आहे.

शेवटचा आक्षेप असा की, ‘मंडळ हे घटकाभर करमणुकीसाठी, त्यावर समाजकार्याचे ओझे कशास?’ करमणूक अवश्य असावी. परंतु जी सभा कोणास बसवावे आणि कोणास वगळावे हे ठरविते, ती समाजकार्य करीतच असते. प्रश्न एवढाच की ते कार्य जोडण्याचे की तोडण्याचे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गल्लीतील नळ, गटार, दिवे यांविषयी महापालिकेत बोलणारी स्त्री घडावयाची कोठे? शेजारणीच्या बैठकीतच. तेथे जर वगळण्याचेच शिक्षण मिळाले, तर सभागृहात ती निराळे काय करील?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या खेड्याच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. खेड्याने जे केले त्यासाठी शहराने परिपत्रकाची वाट पाहावी काय? मंडळास ठरावाचीही गरज नाही. येत्या संक्रांतीस निमंत्रणे करावयास निघताना चुकविलेल्या दोन दारांची कडी वाजवावी, एवढेच पुरे. त्यायोगे कोणाचे सौभाग्य उणे होत असेल, तर ते सौभाग्यच फार दुबळे म्हटले पाहिजे.