थरथर कोठून येते?

झोपाळ्यावर बसलेल्या धाकट्या भावंडाला झोका देणाऱ्या मुलास एक गोष्ट कोणी न शिकविता ठाऊक असते. जोर फार लागत नाही. तो नेमक्या क्षणी लागला की पुरे. परतणाऱ्या झोपाळ्यास दर खेपेस दिलेला हलका रेटाही काही वेळात त्याला भयावह उंचीवर नेतो. याच साध्या नियमाने विमानाचा पंख मोडू शकतो, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल.

घरी विमान बांधण्याचा छंद आपल्याकडे विरळाच. मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली प्रदर्शनात मांडले, तेव्हा ती बातमी मराठी घराघरांत कौतुकाने वाचली गेली. अमेरिकेत मात्र हा छंद जुना आहे. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची संघटना उभारली. तेथील नियमानुसार अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे लागते. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी डॉक्टर. वर्षानुवर्षे रात्री जागून तो एकेक रिव्हेट बसवितो आणि एके दिवशी आपल्याच हातच्या यंत्रात बसून आकाशात जातो. अशा वेळी वेग वाढविता वाढविता हातातील दांडा बारीक थरथरू लागला, तर त्याने काय समजावे?

थरथर ही तापासारखी आहे. ती रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. आणि लक्षण एक असले तरी कारणे अनेक असतात. विमानाचा वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमीजास्त करताच थरथर बदलली, तर दोष बहुधा इंजिनात किंवा पंख्यात असतो. विमान अगदी मंद वेगाने, नाक वर करून चालले असता शेपटी हादरली, तर पंखावरून सुटलेली विस्कळीत हवा तिच्यावर आदळत असण्याचा संभव असतो. परंतु इंजिनाच्या फेऱ्यांशी संबंध नसलेली, वेग एका मर्यादेपलीकडे जाताच उठणारी आणि दांड्यात किंवा पायाखालच्या पेडलांत जाणवणारी थरथर निराळी. तिला वैमानिक ‘फ्लटर’ म्हणतात. आपण फडफड म्हणू.

पंखाच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर हलणारी जी फळी असते, तिला एलेरॉन म्हणतात. तिचे बहुतेक वजन बिजागरीच्या मागे असते. वाऱ्याच्या झटक्याने पंख वर उचलला गेला की ही जड फळी मागे रेंगाळते, म्हणजेच खाली झुकते. आणि खाली झुकलेली फळी पंखाला आणखी वर ढकलते. पंख परतताना हेच उलट घडते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी रेटा मिळावा, तसा प्रत्येक हेलकाव्यास वाऱ्याचा रेटा मिळत जातो. वेग कमी असता हवाच हे हेलकावे शमविते. मर्यादा ओलांडली की तीच हवा त्यांस बळ पुरविते, आणि मग काही क्षणांत सांगाडा तुटू शकतो.

हा रोग नवा नाही. १९१६ साली इंग्लंडमधील हॅन्डली पेज बाँबफेकी विमानाची शेपटी उड्डाणात भयंकर हादरू लागली. लँचेस्टर या अभियंत्याने शोध घेतला, तेव्हा शेपटीवरील डावीउजवी एलेव्हेटरे एकमेकांस घट्ट जोडलेली नाहीत, ती परस्परविरुद्ध डोलतात, असे आढळले. त्याने दोहोंस एका ताठ नळीने जोडण्याचा उपाय सुचविला. पुढे १९२२-२३ च्या सुमारास हॉलंडमधील फॉन बाउमहाउअर व कोनिंग यांनी बिजागरीच्या पुढे वजन बसवून फळीचा तोल साधण्याचा मार्ग दाखविला. तो आजही प्रमाण आहे.

तरीही चूक घडते. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने झोडिॲक सीएच-६०१ एक्सएल या दोन आसनी विमानाची उड्डाणे थांबवावीत, अशी निकडीची शिफारस केली. या जातीची काही विमाने आकाशातच मोडून दहा माणसे मृत्युमुखी पडली होती. मंडळाचा रोख फडफडीवर होता. त्या एलेरॉनांना तोलाचे वजन नव्हते. सारी भिस्त त्यांस हलविणाऱ्या तारांच्या ताणावर होती. त्यानंतर जी सुधारणा ठरली, तीत तोलाची वजने आली आणि पंखाचा सांगाडाही बळकट करण्यात आला.

आता मुख्य गोष्ट. प्रयोग पुन्हा करून पाहावा, असे आपण मुलांना शिकवितो. येथे मात्र तो धडा प्राणघातक ठरतो. थरथर खरोखरच होती की भास झाला, हे पाहण्यासाठी पुन्हा तोच वेग गाठणे म्हणजे झोपाळ्याची कडी तुटते का, हे बसूनच पाहणे होय. त्या क्षणी इंजिनाची शक्ती कमी करावी, नाक हळुवार वर घ्यावे, वेग उतरवावा आणि विमान भूमीवर आणावे. निदान तेथेच करावयाचे असते.

ते बोटांनी होते. फळी धरून हलवावी. बिजागरीची खीळ झिजली आहे काय, जोडदांड्यांची टोके सैलावली आहेत काय, तारांचा ताण उतरला आहे काय, हे पाहावे. फळीच्या मागील कडेची छोटी ट्रिमपट्टी बोटाने डोलली, तर तेवढी ढिलाईही पुरेशी असते. मग फळी काढून तिचा तोल पुन्हा मोजावा. हौसेने चढविलेला रंगाचा दुसरा हात, मागील कडेची दुरुस्ती, बुजलेल्या भोकामुळे आत साचलेले पाणी, यांपैकी काहीही बिजागरीमागचे वजन वाढविते.

आणखी एक सापळा आहे. काट्यावर दिसणारा वेग आणि हवेतील खरा वेग एक नसतात. १०,००० फुटांवर काटा १५० नॉट दाखवीत असता खरा वेग सुमारे १७५ नॉट असतो, आणि फडफडीस कारण होतो तो प्रामुख्याने खरा वेग. मोठे इंजिन बसवून उंच उडणारा हौशी माणूस काट्याकडे पाहून निर्धास्त राहतो.

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूतील दोष स्वतःस दिसणे कठीण असते. ज्याने दहा वर्षे राबून विमान बांधले, त्याच्या मनाला ‘एवढेसे काय ते’ हे वाक्य फार गोड वाटते. म्हणून तपासणीच्या वेळी दुसऱ्या जाणत्या माणसाचा हात फळीवर असावा. तो त्या विमानाच्या प्रेमात नसतो. त्याला ढिलाई चटकन कळते.