एक टाका घरासाठी, एक संघासाठी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरात लोकरीची टोपी विणणे ही हवामानाची निकड नव्हे. आपल्याकडची थंडी चार दिवसांची पाहुणी. तरीही घरात बाळ येणार असे कळले की आजीच्या, मावशीच्या हाती सुया येतात. लोकलच्या महिला डब्यात बसायला जागा मिळाली की पिशवीतून क्रोशा आणि दोऱ्याचा गुंडा निघतो. दिवा, मुंब्रा मागे पडेपर्यंत साखळीवर खांबांची एक ओळ उभी राहते. नामकरणाच्या दिवशी बाळासमोर मांडलेल्या भेटींत कुंची, टोपडे, मोजे आणि जुन्या साड्यांची गोधडी आजही दिसते. तयार टोपडी बाजारात स्वस्तात मिळत असताना ही माणसे आपल्या रात्री का खर्ची घालतात, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. हातच्या वस्तूतून देणारा आपल्या आयुष्यातला वेळ देत असतो, आणि तो वेळ दुसऱ्या कोणाकडून विकत घेता येत नाही.

धम्मसाहित्यात अशा भेटीची एक फार जुनी आणि हृद्य कथा आहे. मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंगसुत्तात महापजापती गोतमी कपिलवस्तूच्या निग्रोधारामात भगवान बुद्धांकडे येतात. त्यांच्या हाती नव्या वस्त्रांची जोडी असते. तिचे सूत त्यांनी स्वतः कातलेले आणि वस्त्र स्वतः विणलेले असते. ज्याला आईच्या मागे आपण दूध पाजून वाढवले, त्याच्यासाठी मावशीने केलेली ही भेट. पण भगवान ती वस्त्रे संघाला द्यायला सांगतात. संघाला दिलेल्या दानात माझाही सन्मान आहे आणि संघाचाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. गोतमी तीनदा विनवतात, तीनदा तेच उत्तर मिळते. आनंदांना राहवत नाही. ते गोतमींच्या उपकारांची आठवण करून देतात. भगवान ते उपकार नाकारत नाहीत. मायेला ते फक्त मोठे अंगण दाखवतात.

या कथेपुढे जाण्यापूर्वी आपल्या समाजाने स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. हातकामाचे गोडवे गाण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आपल्या पूर्वजांच्या हातांना काम होते ते गावकीचे, वेठबिगारीचे, मेलेली गुरे ओढण्याचे. ते त्यांनी निवडलेले नव्हते. ते जन्मासोबत कपाळी मारलेले होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात यंत्रविरोधी विचाराचा कठोर समाचार घेतला. यंत्र माणसाला पशुवत कष्टातून सोडवते आणि त्याला फुरसत देते. फुरसतीवाचून संस्कृती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष यंत्राचा नाही, चुकीच्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी बजावले.

मला वाटते, हातच्या भेटीचे खरे मोल याच विचारातून कळते. सक्तीने केलेले हातकाम ही वेठ होय. फुरसतीत, आपल्या इच्छेने, आपल्या माणसासाठी केलेले हातकाम ही स्वातंत्र्याची खूण होय. ज्या घरातील आजीने आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिली, तिच्या नातीला संध्याकाळी दोन तास बसून सुलट-उलट टाके घालण्याची सवड मिळते, यामागे एका पिढीचे शिक्षण आणि संघर्ष उभा आहे. म्हणून हातकामाच्या नावाखाली जुना धंदा पुन्हा गळ्यात बांधू पाहणाऱ्यांना आपण ठाम नकार द्यावा, आणि सवडीने विणलेल्या टोपीचा मात्र अभिमान बाळगावा.

या अभिमानालाही दोन अटी असाव्यात. पहिली अट अशी की, हे काम केवळ स्त्रियांच्या माथी असू नये. मुलींची फुरसत घरकामात आधीच निम्मी होते. त्यात विणकामही ‘मुलींचे’ ठरले तर ती नवी वेठच. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पात्र आणि चीवरांबरोबर सुईही असते. विनयपिटकातील कथेप्रमाणे मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवानांनी तशा रचनेचे चीवर करता येईल का असे आनंदांना विचारले, आणि आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. ज्या परंपरेत आनंदांसारखा थोर शिष्य तुकड्याला तुकडा जोडतो, तिथे आपल्या वसतिगृहातील मुलाला सुई धरायला संकोच का वाटावा?

दुसरी अट गोतमींच्या कथेतून येते. माया घराच्या उंबरठ्यावर अडून राहू नये. आपल्या परिसराला हे नवे नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि वर्षावासातील भिक्खूंच्या चीवरांची तजवीजही तेथील दानलेखांत आढळते. आज ती तजवीज कोणासाठी करावी? याचे एक उत्तर प्रसूतिकक्षात आहे. नवजात बाळाचे, विशेषतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे शरीर लवकर गार पडते, मग बाहेर ऋतू कोणताही असो. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेल्या आणि आज जगभर मान्य झालेल्या ‘कांगारू मातृसेवा’ पद्धतीत बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरतात. त्याच्या अंगावर असते फक्त लंगोट, मोजे आणि टोपी. आपल्या उष्ण शहरात अनावश्यक वाटणारी टोपी तिथे उपचाराचा भाग होते.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर एक साधी सूचना ठेवतो. घरच्या बाळासाठी टोपी विणाल तेव्हा दुसरी एक विणा. ती जवळच्या रुग्णालयातील अनोळखी बाळासाठी असो, किंवा यंदा प्रथमच घर सोडून आपल्या वसतिगृहात आलेल्या लहानग्यासाठी. रुग्णालयात नेण्यापूर्वी तेथील परिचारिकांना गरज आणि माप विचारावे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. मऊ सुती दोरा घ्यावा. गोंडे, बटणे, नाड्या लावू नयेत. टोपी धुऊन द्यावी. आणि शाळेने आठवड्यातील एक तास मुलामुलींना एकत्र सुई व क्रोशा शिकवण्यासाठी राखावा. त्याला गुण नसावेत, प्रदर्शनही नसावे. चुकलेली ओळ उसवून पुन्हा घालण्याचा संयम ही त्या तासाची पुरेशी कमाई होईल.

घर सोडून शिकायला आलेल्या मुलाला आपण पुस्तके देतो, गणवेश देतो. ते आवश्यकच आहे. त्यासोबत कोणीतरी त्याला कधीही न पाहता त्याच्यासाठी चार संध्याकाळी टाके घातले, एवढे त्याला कळले तर संघ या शब्दाचा अर्थ त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.