स्वागतयात्रेतला अभिमान सुनावणीला का येत नाही?

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर जो समाज उतरतो, त्याला कोणी बोलावणे पाठवीत नाही. १९९९ साली श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पाहता पाहता तिचे अनुकरण ठाणे, गिरगाव करीत महाराष्ट्रभर झाले. उपनगर म्हणून हिणवल्या गेलेल्या गावाने राज्याला एक प्रथा दिली, याचा डोंबिवलीकराला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे.

अभिमानाची कारणे इथे कमी नाहीत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची पायाभरणी या खाडीच्या काठी झाली. आशियातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यापर्यंत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्याने २०१०मध्ये आणि डोंबिवलीने २०१७मध्ये भरवले. मुंबईकरांनी खुशाल या गावांना आपली शयनगृहे म्हणावे, त्यांच्या म्हणण्याने इतिहास बदलत नाही.

मात्र याच गावांच्या रस्त्यांवरून चालताना हा इतिहास कुठे दिसतो? कल्याण-डोंबिवलीतील अनधिकृत बांधकामांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या न्या. अग्यार समितीने २००९मध्ये अहवाल दिला. त्यात अशा बांधकामांचा आकडा ६७ हजारांहून अधिक होता. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ एक अनधिकृत इमारत उभी राहतानाच कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. दोन दिवस हळहळ झाली, चौकशा लागल्या, आणि बांधकामे चालूच राहिली. डोंबिवलीतील ६५ इमारतींना पालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे पुढे उघड झाले. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतले, त्यांना कागद तपासता आले नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. ज्यांचे कामच कागद तपासण्याचे होते ते काय करीत होते, हा खरा प्रश्न आहे.

एकाच गावाची किती वेळा वाटणी व्हावी, यालाही मर्यादा हवी. १९८३मध्ये महापालिका झाली तेव्हा लगतची २७ गावे तिच्यात आली. २००२मध्ये ती बाहेर पडली. १ जून २०१५ रोजी पुन्हा आत आली. २०२०मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या येण्याजाण्यात नियोजन कोणाचे, पाणी कोणाचे, करवसुली कोणाची, याचा निकाल लागेपर्यंत शेतजमिनीवर चाळी आणि चाळींवर मजले चढले. ग्रामस्थांची भीती खोटी नव्हती आणि पालिकेची अडचणही खोटी नव्हती. लाभ मात्र तिसऱ्याचाच झाला.

पत्रीपुलाचेच पाहा. १९१४च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला हा पूल धोकादायक ठरून नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला गेला. नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. दरम्यानच्या दोन वर्षांत कल्याणकराने रोजचे किती तास गाडीत बसून काढले, याची मोजदाद कोणी केली नाही. पुलाचे आयुष्य संपत आले आहे, हे एका रात्रीत कळत नसते. पर्यायी पूल आधी बांधावा, हे सांगायला परदेशी सल्लागारही लागत नाही.

ठाण्याची कथा थोडी वेगळी. १९९७ ते २००० या काळात टी. चंद्रशेखर आयुक्त असताना रस्ते रुंद झाले. स्वतःच्या दुकानाचा, घराचा पुढचा भाग तुटत असताना पुष्कळ ठाणेकरांनी तो सोसला, कारण हेतूबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणजे इच्छाशक्ती दिसली तर समाज साथ देतो. पण रुंद झालेला रस्ता पुन्हा वाहनतळ बनतो आणि ‘तलावांचे शहर’ म्हणवणाऱ्या गावात, जिथे एकेकाळी साठहून अधिक तळी होती असे सांगतात, तिथे जेमतेम निम्मीच उरतात, तेव्हा ती साथ वाया जाते.

शासन, पालिका, बिल्डर यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकतो. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२०पासून पाच वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता, हेही खरे. तथापि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा आहे. त्यानुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करावे लागते, हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्यावर सुनावणी घ्यावी लागते. या सुनावणीला कोण जातो? ज्याच्या भूखंडावर आरक्षण पडले आहे तो जातो, त्याचा वास्तुविशारद जातो. मैदान ज्यांच्या मुलांचे आहे, ते जात नाहीत. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, १२७वे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. शाळेची, बागेची, रुग्णालयाची जागा अशी जाऊ शकते. ना मोर्चा, ना बातमी. सात-बारा वाचता येणाऱ्या समाजाला शहराचा नकाशा वाचता येऊ नये, याचे नवल वाटते.

स्वागतयात्रेच्या बैठका पाडव्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. रथ कोणता, ढोलपथक कुठले, पालखीचा मार्ग कोणता, यावर तासन्‌तास चर्चा होते, व्हावीही. त्यांतल्या एका बैठकीत आपापल्या प्रभागाचा विकास आराखडा भिंतीवर लावता येईल. कोणते आरक्षण किती वर्षांचे, त्यावर आज काय उभे आहे, हे पाहायला चार निवृत्त अभियंते आणि दोन वकील पुरेत. डोंबिवलीत ते प्रत्येक सोसायटीत सापडतात. ती यादी वाचनालयाच्या फलकावर लावावी, आणि दहा वर्षांची मुदत संपत आलेल्या भूखंडांबाबत आयुक्तांना पत्र द्यावे, पोच घेऊन.